आधी पट, मग निकाल

मुंबईतल्या कुठल्याही जुन्या पालिका शाळेत मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट असतं आणि त्यात जाड बांधणीचं जनरल रजिस्टर असतं. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाला त्यात एक आडवी ओळ मिळते. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, मातृभाषा, धर्म, जात, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख. अगदी उजव्या टोकाला शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. शाळेच्या निकालाबद्दल मत बनवण्याआधी प्रत्येकाने हे रजिस्टर निवांत बसून चाळावं, असं मला मनापासून वाटतं.

जन्मस्थळाच्या रकान्यात शहराचा इतिहास सापडतो. जुन्या पानांवर रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा. ७२च्या दुष्काळानंतर जालना, परभणी, बीड. पुढे गुलबर्गा, मेहबूबनगर, आणि मग आझमगढ, जौनपूर, गोंडा. शाळा सोडण्याच्या कारणांचा रकाना मात्र वर्षानुवर्षं तसाच असतो : ‘पालकांच्या इच्छेनुसार’, ‘गावी गेल्यामुळे’, ‘सतत गैरहजर’. या तीन नोंदींआड काय काय दडलेलं असतं, ते वर्गशिक्षिकेला ठाऊक असतं. खोली सोडावी लागली, बापाचं काम सुटलं, धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला घरी कुणी नव्हतं.

दरवर्षी बातमी येते ती निकालाची. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०२२मध्ये देशातल्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या मुलांपैकी ६९.६ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं ४४.७ टक्के मुलांना जमलं. ही पाहणी घरोघरी होते, त्यामुळे त्यात खासगी शाळांतली मुलंही येतात. पण बातमीखालची चर्चा एकाच ठिकाणी येऊन थांबते : सरकारी शाळांत शिकवतच नाहीत. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते उच्चारणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी गेल्या वीस वर्षांत पालिका शाळेचा वर्ग आतून पाहिलेला असतो.

मला या लेखात म्हणायचं आहे ते थोडक्यात असं. सहावी ते आठवीच्या वर्गाचा निकाल त्या वर्गाच्या पटावाचून वाचता येत नाही. कोण मुलं आली, कुठून आली, कोण निघून गेली, कोण वर्षातले चार महिने नव्हती, हे कळल्याशिवाय शाळेला चांगली किंवा वाईट म्हणणं हा त्या मुलांवर आणि त्यांना शिकवणाऱ्या बायांवर अन्याय आहे. पट कळल्यानंतरही शाळेची जबाबदारी संपत नाही. उलट तिचा खरा हिशेब तिथूनच मांडता येतो.

गिरणगावापासून सुरुवात करू. लालबाग-परळच्या पालिका शाळांत एकेकाळी गिरणी कामगाराचा, पोलीस शिपायाचा, पोस्टमनचा आणि बेस्टच्या कंडक्टरचा मुलगा एका बाकावर बसत असे. घरात एकाचा तरी कायम पगार, चाळीत एखादा कॉलेजात जाणारा दादा, कोपऱ्यावर वाचनालय. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप मिटल्याची घोषणा कधीच झाली नाही. कुटुंबं गावी परतली किंवा विरार-डोंबिवलीकडे सरकली. ज्यांना जमलं त्यांनी मुलांना अनुदानित खासगी शाळांत आणि पुढे इंग्रजी माध्यमात घातलं. मास्तर तेच होते, इमारत तीच होती, पुस्तकं बालभारतीचीच होती. बाकावरची मुलं बदलली आणि त्यांच्यामागे घरी असलेला आधार बदलला.

त्यानंतरची गळती हळूहळू झाली. आधी पांढरपेशे गेले. मग ज्या रिक्षावाल्याच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या हाती महिन्याला चार पैसे उरू लागले, त्यांनी वस्तीतल्या छोट्या इंग्रजी शाळेची फी भरायला सुरुवात केली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला आणि त्यातल्या २५ टक्के राखीव जागांनी गरीब घरांतल्या काही मुलांना खासगी शाळांची दारं उघडली. ती उघडायलाच हवी होती. सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना या जागांतून सूट देणारा बदल राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये तो रद्द ठरवला. हे योग्यच झालं, असं मी मानतो. पण एक गोष्ट विसरता येत नाही. ऑनलाइन अर्ज भरणं, उत्पन्नाचा दाखला काढणं, सोडतीचा मेसेज आला की ठरलेल्या दिवशी कागद घेऊन हजर राहणं, हे ज्या आईबापांना जमतं त्यांची मुलं निवडून निघतात. ज्यांना जमत नाही त्यांची मुलं पालिकेच्या शाळेत राहतात. चाळणीतून वरचं धान्य दरवर्षी कुणीतरी उचलून न्यावं आणि उरलेलं मापून शेतकऱ्याला बोल लावावा, तसं आपण या शाळांचं केलं आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न १९६६मध्ये मोठ्या आकड्यांनिशी पुढे आला. नागरी हक्क कायद्यानंतर सरकारने जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाकडे पाहणी सोपवली. सुमारे सहा लाख विद्यार्थी त्यात होते. शाळेवर होणाऱ्या खर्चातल्या फरकापेक्षा घरच्या परिस्थितीचा आणि सोबत बसणाऱ्या मुलांच्या परिस्थितीचा निकालाशी अधिक घट्ट संबंध दिसतो, असं निघालं. अनेकांनी त्याचा सोयीस्कर अर्थ काढला की मग शाळेने काही होत नाही. कोलमन यांचे आकडे तसं सांगत नव्हते. सगळ्या गरिबांना एका शाळेत आणि सगळ्या सुस्थितांना दुसऱ्या शाळेत बसवलं की दरी रुंदावते, हा त्यातला धडा होता आणि तो मुंबईला तंतोतंत लागू पडतो.

गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग घ्या. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांत हा तळाला होता. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७पासून इथे आहे. शहराच्या इतर भागांतून हटवलेल्या वस्त्या अनेकदा इथेच आणून वसवल्या गेल्या. इथल्या पालिका शाळेतल्या सातवीच्या मुलीचा दिवस शाळेच्या घंटेआधी खूप लवकर सुरू होतो. पाण्याची रांग, भावंडांची आंघोळ, आई कामावर गेलेली. शाळेत दुपारी मिळणारी खिचडी हे कित्येकींचं दिवसातलं पहिलं पोटभर जेवण असतं. पोषण आहाराच्या निकषाप्रमाणे सहावी ते आठवीच्या मुलाला रोज ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायची आहेत. पालिका दप्तरापासून बुटांपर्यंत २७ वस्तू फुकट देते आणि त्या खरोखर उपयोगी पडतात. पण बसून अभ्यास करायला जागा आणि शांत दोन तास त्या २७ वस्तूंत नाहीत.

आता वर्गात जाऊ. सहावीचा वर्ग, गणिताचा तास. फळ्यावर उदाहरण आहे : ८२४ भागिले ८.

वहीत मुलगी नीट मांडणी करते. आठ एके आठ. मग २ खाली घेते. दोनाला आठाचा भाग जात नाही, म्हणून लगेच ४ खाली घेते. चोवीस झाले, आठ त्रिक चोवीस. बाकी शून्य. उत्तर लिहिते : १३. पाढे तिचे पाठ आहेत, वजाबाकी बरोबर आहे, अक्षरसुद्धा सुरेख. २ला भाग गेला नाही तिथे वर शून्य मांडायचं राहिलं, एवढंच. या वर्गात अशी १३ उत्तरं पाच-सात वह्यांत तरी सापडतात. कुठल्याही गणिताच्या बाईंना विचारा.

आता याच मुलीला तोंडी विचारा की बचत गटाचे ८२४ रुपये आठ जणींत वाटायचे आहेत. ती आधी प्रत्येकीला शंभर देते. उरलेल्या चोवीसातून तीन-तीन. एकशे तीन, ती सांगते, आणि हातात कागद घेत नाही. तिला भागाकार येतो. वहीतला २ हा खरं तर दोन दशक आहे, हे तिच्या मनात बसलेलं नाही. ते तिसरीत बसायला हवं होतं.

अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४०० हून अधिक मुलांची पाहणी केली, ती २०२५मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली. गुंतागुंतीचे सौदे ही मुलं झटकन मनात सोडवत होती. तेच गणित शाळेच्या मांडणीत समोर आलं की अडत होती. शाळेत शिकणाऱ्या मुलांचं नेमकं उलट : कागदावर जमत होतं, बाजारात नाही. आठवीच्या मुलाला भागाकार येत नाही ही बातमी वाचताना मला ती १३ उत्तराची वही आठवते. येत नाही म्हणजे नक्की काय येत नाही, हे विचारणारी परीक्षा आपण घेतच नाही.

बाईंची अडचण अशी की समोर अभ्यासक्रम सहावीचा आहे, पूर्णांक संख्या आणि समीकरणं. वर्गातली काही मुलं त्याला तयार आहेत. काही तिसरीच्या दशकावर अडली आहेत. काहींना मराठी वाचतानाच दमछाक होते, कारण घरी भोजपुरी, गोरबोली किंवा कन्नड बोलली जाते. मुंबई पालिका आठ भाषांतून शाळा चालवते आणि त्याचा मला अभिमान वाटतो. पण वस्तीजवळ जी शाळा, त्याच माध्यमात मूल जातं. शाब्दिक उदाहरण कळलं नाही म्हणून सुटलं नाही, की गणित आलं नाही म्हणून, हे गुणपत्रकात दिसत नाही.

तिसरीत अडलेलं मूल सहावीपर्यंत आलंच कसं, असा प्रश्न इथे हमखास येतो. आठवीपर्यंत नापास करायचं नाही, हे कायद्याने ठरलं. ऑगस्ट २०१०मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. मूळ कल्पना चांगली होती : मूल कुठे अडलंय ते वर्षभर पाहत राहा आणि तिथल्या तिथे सोडवा. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदींच्या वह्या भरत गेल्या आणि अडलेलं सोडवायला वेळ उरला नाही. आता २०२३पासून राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि फेरपरीक्षा परत आणली आहे. त्याने शिस्त येईल असं अनेक शिक्षकांना वाटतं. मला भीती वाटते ती आठवीच्या मुलीची. दशक न समजलेल्या मुलीला त्याच वर्गात पुन्हा बसवलं तर तिला तिसरीचं दशक कोण शिकवणार? आणि चौदा वर्षांच्या मुलीला घरचे दुसऱ्यांदा आठवीत पाठवतील, की कामाला किंवा सासरी?

उपाय याच मुंबईत सापडला होता. १९९४मध्ये इथल्या वस्त्यांतून ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचं काम सुरू झालं. पुढे पालिका शाळांत बालसखी आल्या. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी, मानधन महिन्याला पाचशे-साडेसातशे रुपये. वर्गातल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती रोज दोन तास वेगळं बसवायची आणि ती जिथे आहेत तिथपासून शिकवायची. मुंबई आणि बडोद्यात २००१ ते २००३ या काळात याची काटेकोर चाचणी झाली. तिसरी-चौथीच्या मुलांचे गुण स्पष्ट वाढले आणि सर्वांत जास्त वाढ तळाच्या तिसऱ्या हिश्श्यात झाली. मदत थांबल्यावर वर्षभराने हा फायदा बराच ओसरला, हेही त्याच अभ्यासात नोंदवलं आहे. म्हणजे हे एकदा टोचून विसरायचं काम नाही. याच धर्तीच्या कामासाठी बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९चं नोबेल मायकेल क्रेमर यांच्यासह मिळालं. ज्या शहरात हे सिद्ध झालं, तिथल्या सहावी-सातवीच्या प्रत्येक वर्गाला आज अशी एक बालसखी असायला हरकत काय आहे, हे मला कळत नाही.

शहराबाहेर पटाचं वेगळंच रूप दिसतं. बीड जिल्ह्यात धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांत जा. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता निघतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल फेडायला दोघं सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाच्या साखर कारखान्यांवर जातात. लहान मुलं सोबत जातात. अकरा-बारा वर्षांची मुलगी हमखास नेली जाते, कारण फडाजवळच्या कोपीवर चूल आणि धाकटं भावंड तिलाच बघायचं असतं. सरकारने हंगामी वसतिगृहं काढली. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत सहज बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक दिलं. पण फडापासून शाळा दूर असते आणि ऊस संपला की टोळी पुढच्या गावाला हलते. मार्च-एप्रिलमध्ये मुलगी परत येते तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते. गुरुजींच्या हजेरीवर तिचं नाव वर्षभर आहे. तिच्या गुणांची सरासरी शाळेच्या निकालात मिळवली जाते, आणि केंद्रप्रमुखांच्या बैठकीत गुरुजींना त्याचा जाब विचारला जातो.

मुलींच्या बाबतीत सहावी ते आठवी ही तीन वर्षं फार नाजूक असतात. पाळी सुरू होते, शौचालयाला कडी नसते, रस्त्यावर पोरं टवाळी करतात, घरात लग्नाचा विषय निघतो. महिन्यातले चार-पाच दिवस असे सुटत गेले तर वर्षाला दीड महिना होतो. हजेरीच्या टक्क्यात ते दिसतं, कारण दिसत नाही.

शिकवणाऱ्यांचं काय? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा, असं स्पष्ट लिहिलं आहे. पटाचं प्रमाण दर ३५ मुलांमागे एक शिक्षक. कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत. आता निवडणूक म्हणजे मतदार याद्याही आल्या, आणि त्याखेरीज ‘सरल’ या सरकारी पोर्टलवर माहिती भरणं, आधार जुळवणं, आहाराच्या नोंदी रोजच्या रोज चढवणं. दुपारच्या सुट्टीत बाई डबा उघडतात आणि डावा हात मोबाइलवर असतो. संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, पटावर होते, पट आधारवर, म्हणून गावी गेलेल्या मुलाचं आधार जुळत नसेल तर पद धोक्यात. १५ मार्च २०२४च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीचा पट २० पेक्षा कमी असेल तिथे शिक्षकाचं पद नाकारण्याची तरतूद आणली, तेव्हा शिक्षक संघटना चिडल्या त्या उगाच नाही. वाडी-वस्तीवरचा छोटा पट ही त्या मुलांची चूक नव्हे. गणिताचा शिक्षक गेला की निकाल पडतो, निकाल पडला की आणखी चार मुलं जातात, आणि पुढच्या वर्षीचा पट आणखी लहान होतो.

मग शाळेचा हिशेब कसा मांडावा? मूल शाळेत आलं तेव्हा कुठे होतं आणि वर्षअखेर कुठे पोचलं, यातलं अंतर मोजावं. इंग्लंडने २०१६पासून माध्यमिक शाळांसाठी असंच केलं : प्राथमिक संपताना मूल जिथे होतं तिथून सोळाव्या वर्षापर्यंत त्याने किती मजल मारली, ते शाळेच्या नावावर मांडलं. त्याआधी काही वर्षं तिथे मुलांची आर्थिक आणि सामाजिक परिस्थितीही गणितात धरत होते. ते नंतर थांबवलं गेलं, आणि त्यामागच्या आक्षेपात तथ्य होतं. दलित, आदिवासी, मुस्लीम किंवा ऊसतोड्याच्या मुलाकडून कमीच अपेक्षा ठेवा, असं सरकारी कागदावर लिहिलं गेलं तर तोच त्या मुलावरचा शिक्का होईल. म्हणून मुलासाठी कसोटी एकच हवी. भागाकार सगळ्यांनाच यायला हवा. फरक करायचा तो शाळेला काय द्यायचं हे ठरवताना. जिथे पटावर स्थलांतरित मुलं जास्त, तिथे शिक्षक जास्त. जिथे घरची भाषा वेगळी, तिथे पहिलं वर्ष भाषेला जास्त तास. आज आपण नेमकं उलटं करतो : पट घसरला की शिक्षक काढून घेतो.

१८८२मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच सांगितलं होतं. रयतेकडून गोळा केलेला सारा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि ज्यांच्या घामाचा तो पैसा आहे त्यांच्या मुलांना साधी शाळा नाही. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. देशभरात कायद्याने ती पुरी व्हायला २००९ उजाडावं लागलं.

मजल मोजण्याचं साधन आपल्याकडे आज आहे. ‘स्टार्स’ प्रकल्पातून राज्यात पायाभूत चाचणी आणि दोन संकलित चाचण्या होतात. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीवर २०२२-२३पासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद आहे. त्याच मुलाचे जुलैचे आणि एप्रिलचे गुण शेजारी ठेवले की शाळेचं काम दिसेल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. त्यांच्यापुढे हा तक्ता वर्षातून दोनदा तरी यायला हवा.

आणि आठवीनंतर? कायद्याचं छत्र चौदाव्या वर्षी संपतं. मुंबई पालिकेच्या माध्यमिक शाळा प्राथमिकपेक्षा खूपच कमी आहेत, म्हणून आठवीच्या मुलांना दाखला घेऊन बाहेर पडावं लागतं. देशभराचे २०२४-२५चे यू-डायसचे आकडे पाहा : तिसरी ते पाचवीत गळती २.३ टक्के, सहावी ते आठवीत ३.५ टक्के आणि नववी ते बारावीत ८.२ टक्के. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीतच होते. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात आणि महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ जागांचा आहे. हा पैसा एखाद्या मुलीला शाळेत टिकवू शकतो. तरी कितीतरी शाळांतून कुणी अर्जही भरत नाही, कारण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आईला एक दिवसाची मजुरी बुडवून तहसीलला जावं लागतं. तो दाखला शाळेतच शिबिर भरवून द्यावा. आणि दर जुलैला पालिकेने विभागवार दोनच आकडे जाहीर करावेत : आठवीतून दाखला घेतलेली मुलं किती, आणि त्यातली नववीच्या वर्गात बसलेली किती. दोन्ही आकडे संगणकात आजही आहेत. एम-पूर्वपासून सुरुवात करावी.